रिमेंबर कसं वापरायचं? आठवतंय, लक्षात ठेव, आठवण येते, सगळ्याला एकच शब्द चालत नाही

प्रश्न असा आहे की रिमेंबर म्हणजे 'आठवणे' की 'लक्षात ठेवणे', 'आय ॲम रिमेंबरिंग' म्हटलं की लोक चूक का काढतात, आणि त्याच्यापुढे कधी टू लावायचं, कधी इंग. तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत म्हणून एकदमच उत्तर देते, थोडं लांबेल. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवतेय, जास्त करून मराठी मिडियमवाले, नर्सिंगच्या मुली, बँकेत लागलेली पोरं, मुलाकडे अमेरिकेला जायच्या आधी चार वाक्यं नीट बोलता यावीत म्हणून येणाऱ्या काकू, आणि ह्या एका क्रियापदाशी जवळपास सगळेच अडखळतात. अडखळण्याचं कारण मराठीत आहे आणि गंमत म्हणजे उपायसुद्धा मराठीतच आहे, फक्त आपलं वाक्य बोलताना आपण त्याच्याकडे नीट बघत नाही.

आधी हे बघा की ह्या एका गोष्टीसाठी आपल्याकडे किती शब्द आहेत. आठवणं, आठवण येणं, आठवण काढणं, आठवण करून देणं, लक्षात असणं, लक्षात राहणं, लक्षात ठेवणं, लक्षात येणं, पाठ करणं. आपण हे कधी एकमेकांत मिसळत नाही, पाच वर्षांचं पोरगं पण मिसळत नाही. पण इंग्रजी बोलायची वेळ आली की सगळ्यांना एकच शब्द चिकटवतो, रिमेंबर. तिथेच गडबड होते. ह्यातले आठवणं, लक्षात असणं किंवा राहणं, आणि लक्षात ठेवणं एवढेच खरे रिमेंबरमध्ये बसतात. 'आठवण करून देणं' रिमाइंडकडे जातं, 'तुझी आठवण येते' मिसकडे जातं, 'पाठ करणं' मेमराइज किंवा लर्न बाय हार्टकडे, आणि 'लक्षात येणं' तर वेगळंच, ते रिअलाइज. बसमध्ये चढल्यावर पाकीट घरी राहिल्याचं माझ्या लक्षात आलं, इथे रिमेंबर नाही, 'आय रिअलाइज्ड आय हॅड लेफ्ट माय वॉलेट ॲट होम'.

आता 'आय ॲम रिमेंबरिंग'. ही चूक का होते ते अगदी सरळ आहे. आपण म्हणतो 'मला आठवतंय'. ह्यात 'तंय' आहे, म्हणजे चालू काळ, आणि शाळेत शिकवलेलं असतं की चालू काळ दिसला की ॲम, इज, आर आणि इंग. 'मला आठवत नाहीये' चं मग 'आय ॲम नॉट रिमेंबरिंग' होतं. इंग्रजीत मात्र आठवणं ही करायची क्रिया समजत नाहीत, ती डोक्याची एक अवस्था आहे, असते किंवा नसते, म्हणून साधा वर्तमानकाळ. मला आठवतंय, 'आय रिमेंबर'. मला आठवत नाहीये, 'आय डोन्ट रिमेंबर'. ह्या क्षणाला बोलताय तरी साधाच.

ह्यासाठी मी वर्गात एक खूण सांगते आणि ती खूप कामाला येते. मराठी वाक्य कशाने सुरू होतंय ते बघा, 'मी' ने की 'मला' ने. मला आठवतं, मला आवडतं, मला कळतं, मला माहितीये, मला हवंय, मला वाटतं. ह्या सगळ्यात आपण काही करत नाही, ते आपल्याला होतं, म्हणून मराठीने कर्त्याला 'मला' केलंय. आणि नेमकी हीच क्रियापदं, लाइक, अंडरस्टँड, नो, वाँट, थिंक, रिमेंबर, इंग्रजीत सहसा इंग घेत नाहीत. म्हणजे 'मला' दिसलं की इंग लावायच्या आधी थांबायचं. खूण शंभर टक्के नाही हे पण सांगते, 'मला बरं वाटतंय' चं 'आय ॲम फीलिंग बेटर' एकदम बरोबर आहे, आणि 'मला वाटतंय जावं' ह्या अर्थाने 'आय ॲम थिंकिंग ऑफ गोइंग' पण चालतं. पण रिमेंबरच्या बाबतीत ती क्वचितच फसते.

आणि 'मी' ने सुरू होणारं वाक्य? 'थांब जरा, मी आठवतोय'. इथे माणूस खरंच काहीतरी करतोय, डोकं खाजवतोय. ह्याला 'आय ॲम ट्राइंग टू रिमेंबर' म्हणा. बघा, इंग आलं पण ते ट्राय ला आलं, कारण करण्याची गोष्ट प्रयत्न आहे. तसंच सारखं आठवत राहतं असं म्हणायचं असेल, म्हणजे तो प्रसंग डोक्यातून जातच नाही, तर 'आय कीप रिमेंबरिंग दॅट डे'. इथे इंग आलं ते कीप मुळे. आणि हो, रिमेंबरिंगला ॲम लावून कोणी बोलतच नाही असंही नाही, बोलता बोलता एकेक गोष्ट आठवत जाते तेव्हा इंग्रज माणूस 'आय ॲम रिमेंबरिंग मोअर अँड मोअर नाऊ' म्हणू शकतो. पण ते खास वेळेसाठी आहे, नाव आठवत नसताना ते वापरू नका.

आठवलं ह्या भूतकाळाबद्दल पण दोन शब्द. 'अरे, आत्ता आठवलं!' ह्याला 'आय जस्ट रिमेंबर्ड' किंवा 'नाऊ आय रिमेंबर', दोन्ही बरोबर. आणि 'आय डोन्ट रिमेंबर', 'आय कान्ट रिमेंबर' ह्यात फार फरक करत बसू नका, कान्ट मध्ये प्रयत्न करूनही येत नाही अशी थोडी छटा येते एवढंच.

आता मुख्य विषय, टू आणि इंग. हा भाग शांतपणे वाचा कारण इथे नुसतं व्याकरण चुकत नाही, अर्थच उलटा होतो.

'आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर' म्हणजे दार लावायचं माझ्या लक्षात राहिलं आणि मी लावलं. आधी आठवण, नंतर काम. 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे दार लावल्याचं मला आठवतंय. आधी काम झालं, आठवण नंतरची. टू वालं वाक्य म्हणजे पदराला मारलेली गाठ, पुढचं काम चुकू नये म्हणून, आणि इंग वालं म्हणजे मागे वळून बघणं.

आता वरची दोन मराठी वाक्यं परत वाचा. दार लावायचं लक्षात राहिलं. दार लावल्याचं आठवतंय. 'लावायचं' आणि 'लावल्याचं'. मराठीने हा फरक आधीच केलेला आहे! 'आयचं' आलं की टू, 'ल्याचं' आलं की इंग. औषध घ्यायचं लक्षात ठेवा, 'रिमेंबर टू टेक द मेडिसिन'. औषध घेतल्याचं आठवतंय का, 'डू यू रिमेंबर टेकिंग द मेडिसिन'. फोन करायचं लक्षात ठेव, टू कॉल. फोन केल्याचं आठवतंय, कॉलिंग. इंग्रजी नियमांची पुस्तकं वाचून जे डोक्यात बसत नाही ते ह्या दोन प्रत्ययांनी लगेच बसतं, कारण प्रत्यय आपण जन्मापासून बरोबरच वापरतोय.

एकच सापळा आहे तो सांगते. 'आजोबा गोष्टी सांगायचे ते मला आठवतं'. इथे 'सांगायचे' आहे, 'आयचे' दिसतंय, पण हे पुढचं काम नाही, ही जुनी सवय आहे, आजोबा रोज सांगायचे. म्हणून इथे इंग, 'आय रिमेंबर माय ग्रँडफादर टेलिंग अस स्टोरीज'. शंका आली तर एवढंच विचारा की गोष्ट घडून गेली आहे का. घडून गेली असेल तर इंग.

नर्सिंगच्या मुलींना मी हे दोन प्रश्न मुद्दाम पुन्हा पुन्हा बोलायला लावते. 'डिड यू रिमेंबर टू टेक युवर टॅबलेट?' आणि 'डू यू रिमेंबर टेकिंग युवर टॅबलेट?' पहिल्यात विचारलंय गोळी घेतलीत ना, विसरला नाहीत ना. दुसऱ्यात विचारलंय गोळी घेतल्याची आठवण आहे का. पहिल्याला पेशंट 'नो' म्हणाला तर गोळी पोटात गेलेली नाही. दुसऱ्याला 'नो' म्हणाला तर काहीच कळलं नाही, गेली असेल किंवा नसेल, आणि त्या उत्तरावरून परत गोळी दिली तर डबल डोस होऊ शकतो. परदेशात नोकरीला जाणाऱ्या मुलींसाठी हा फरक जिवाशी संबंधित आहे, म्हणून मी त्यात जरासुद्धा सूट देत नाही.

नकारात तर हे आणखी नीट बघायला पाहिजे. ऑफिसात कोणी विचारलं, ह्या कागदावर तुमची सही कशी नाही. तुम्ही 'आय डिडन्ट रिमेंबर टू साइन' म्हणालात तर तुम्ही कबूल केलंत की सही करायची राहिली. 'आय डोन्ट रिमेंबर सायनिंग' म्हणालात तर सही केली की नाही हे तुम्ही सांगितलंच नाहीत, फक्त आठवत नाही म्हणालात. ईमेलमध्ये, जबाबात, इन्शुरन्सच्या क्लेममध्ये ह्यातलं कुठलं वाक्य लिहिताय त्याने सगळं बदलतं, आणि बरेच लोक घाईत पहिलं लिहून जातात जेव्हा त्यांना दुसरं म्हणायचं असतं. मराठीत तुम्ही 'सही करायचं लक्षात राहिलं नाही' आणि 'सही केल्याचं आठवत नाही' ह्यात कधीच गोंधळ करणार नाही. मग इंग्रजीत लिहायच्या आधी एकदा मराठीत म्हणून बघा.

फर्गेट चंही असंच आहे, 'आय फर्गॉट टू पे' म्हणजे पैसे द्यायला विसरलो, दिलेच नाहीत. 'आय विल नेव्हर फर्गेट मीटिंग हर' म्हणजे तिला भेटल्याचं कधी विसरणार नाही, भेट झालेली आहे. आणि रोजच्या बोलण्यात 'रिमेंबर टू लॉक द डोअर' पेक्षा 'डोन्ट फर्गेट टू लॉक द डोअर' जास्त ऐकू येतं, आपण पण 'विसरू नको हं' म्हणतो तसंच. शाळेच्या परीक्षेत अर्थ न बदलता होकारार्थीचं नकारार्थी करा असं येतं तेव्हा ही जोडी हमखास उपयोगी पडते. फर्गेटबद्दल अजून एक, जागा सांगायची असेल तर फर्गेट वापरू नका. मी छत्री घरी विसरलो, 'आय लेफ्ट माय अंब्रेला ॲट होम'. 'आय फर्गॉट माय अंब्रेला' एवढंच चालतं, पण घरी, बसमध्ये, दुकानात असं आलं की लेफ्ट.

टू आणि इंग सोडून रिमेंबरच्या पुढे काय येतं ते सोपं आहे. सरळ नाव येतं, 'आय रिमेंबर हिज फेस'. दॅट येतं, 'रिमेंबर दॅट द बँक इज क्लोज्ड टुमॉरो'. व्हेअर, व्हॉट, हाऊ, हू येतात, 'आय डोन्ट रिमेंबर व्हेअर आय केप्ट द कीज'. इथे लोक शेवटी 'व्हेअर डिड आय कीप' करतात ते नको, प्रश्न आत गेला की साधं वाक्य होतं. आणि रिमेंबरला ऑफ लागत नाही. 'डू यू रिमेंबर ऑफ मी' असं काही नसतं, नुसतं 'डू यू रिमेंबर मी'. ऑफ लागतं ते रिमाइंडला, आणि दोन्ही शब्द डोक्यात शेजारी शेजारी असल्यामुळे ते ऑफ इकडे येऊन चिकटतं.

आता रिमाइंड. 'उद्या मला आठवण कर' ह्याचं 'रिमेंबर मी टुमॉरो' करतात. समोरच्याला वाटेल हा माणूस कुठेतरी कायमचा चाललाय आणि उद्या माझं स्मरण करा म्हणतोय. पाहिजे ते 'रिमाइंड मी टुमॉरो'. आठवण आपली आपल्याला आली तर रिमेंबर, दुसऱ्या कोणी किंवा कशाने आणून दिली तर रिमाइंड. हे दुसरं माणूसच असायला पाहिजे असं नाही, फोन असेल, वास असेल, गाणं असेल. हे गाणं ऐकलं की कॉलेज आठवतं, 'धिस साँग रिमाइंड्स मी ऑफ कॉलेज'. इथे मराठी 'आठवतं' म्हणतंय म्हणून रिमेंबरकडे पळू नका, गाण्याने आठवण आणली ना, मग गाणं कर्ता झालं. तू अगदी तुझ्या आईसारखी दिसतेस, तुला बघून तीच आठवते, 'यू रिमाइंड मी ऑफ युवर मदर'. आणि मीटिंगची आठवण कर असं असेल तर ऑफ पेक्षा अबाउट जास्त बरं, 'रिमाइंड मी अबाउट द मीटिंग', किंवा काम सांगा, 'रिमाइंड मी टू कॉल हिम'. ऑफिसच्या मेलमध्ये जो जेंटल रिमाइंडर येतो तो ह्यातलाच.

'तुझी खूप आठवण येते' हे मात्र मनापासून चुकतं. मुलगा पुण्याहून कॅनडाला गेलेला असतो, आई व्हिडिओ कॉलवर सुनेच्या घरच्यांसमोर इंग्रजीत म्हणते, 'आय ॲम रिमेंबरिंग यू व्हेरी मच'. भावना पोचते हो, पण शब्द मिस आहे, 'आय मिस यू'. इथे इंग पण चालतं, 'आय ॲम मिसिंग यू', त्यात सध्या, ह्या दिवसांत अशी छटा येते. पण प्रत्येक 'आठवण आली' म्हणजे मिस नाही. काल पुरणपोळी खाताना तुझी आठवण आली, ह्याला 'आय थॉट ऑफ यू'. आणि 'आत्ताच तुझी आठवण काढत होतो', ह्यात तर आपण त्याच्याबद्दल बोलत होतो, म्हणून 'वी वेअर जस्ट टॉकिंग अबाउट यू'. आपल्याकडे उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय म्हणतात, इंग्रजांकडे कोणी आपल्याबद्दल बोलत असेल तर कान गरम होतात अशी समजूत आहे, आणि त्या दोन्हीत रिमेंबर कुठेच येत नाही.

रिमेंबर जिथे फार छान बसतं पण आपले लोक वापरत नाहीत अशी एक जागा आहे, ती म्हणजे कर्मणी. गेलेल्या माणसाबद्दल, त्याच्या कामाबद्दल बोलताना. 'सावित्रीबाई फुले इज रिमेंबर्ड फॉर हर वर्क इन गर्ल्स एज्युकेशन', पुण्यात भिडे वाड्यात 1848 साली मुलींची शाळा काढली त्या कामासाठी त्यांचं नाव घेतलं जातं. 'दादासाहेब फाळके इज रिमेंबर्ड ॲज द फादर ऑफ इंडियन सिनेमा'. कशासाठी असेल तर फॉर, कोण म्हणून असेल तर ॲज. भाषणाला, निबंधाला, इंटरव्ह्यूला हे वाक्य फार वजनदार वाटतं आणि सोपंही आहे. ह्याच अर्थाने ब्रिटनमध्ये 11 नोव्हेंबरला रिमेंब्रन्स डे म्हणतात, 1918 साली त्या दिवशी सकाळी अकरा वाजता पहिल्या महायुद्धाची लढाई थांबली, त्या वेळेला दोन मिनिटं शांत उभे राहतात आणि कपड्यावर लाल पॉपीचं फूल लावतात. तिथलं 'वी रिमेंबर' म्हणजे आपलं स्मरण करणं, नुसतं आठवणं नाही.

जुन्या पद्धतीच्या इंग्रजीत अजून दोन वापर भेटतील. 'रिमेंबर मी टू युवर मदर' म्हणजे आईला माझा नमस्कार सांग. आणि 'ही रिमेंबर्ड हर इन हिज विल' म्हणजे मृत्युपत्रात तिच्या नावावर काहीतरी ठेवलं. बोलायला लागणार नाहीत, वाचताना अडू नये म्हणून सांगितलं.

ठरलेले तुकडे मात्र पाठच करून टाका. 'इफ आय रिमेंबर करेक्टली' किंवा 'ॲज फार ॲज आय रिमेंबर', म्हणजे माझ्या आठवणीप्रमाणे, खात्री नसताना सभ्यपणे बोलायला उत्तम. 'फॉर ॲज लाँग ॲज आय कॅन रिमेंबर', म्हणजे मला कळायला लागल्यापासून. हे दोन लोक एकमेकांत घालतात, फार आणि लाँग कडे लक्ष द्या. 'अ डे टू रिमेंबर', लक्षात राहील असा दिवस.

रिकॉल आणि रिकलेक्ट बद्दल पण बऱ्याच जणांना शंका असते. ते जरा फॉर्मल आहेत, मुद्दाम ताण देऊन आठवणं, वकील, पोलीस, डॉक्टर विचारताना वापरतात. आणि 'रिमेंबर टू' सारखं 'रिकॉल टू' होत नाही, पुढच्या कामासाठी रिकॉल चालतच नाही. घरात, मित्रांत रिमेंबर पुरेसं आहे.

उच्चारात जोर मधल्या 'मेम' वर, रि-मेम्-बर. भूतकाळात शेवटचा ड जोडून बोला, रिमेंबर्ड, 'रिमेंबरेड' असा वेगळा तुकडा पाडू नका. स्पेलिंगमध्ये बरेच जण मधलं एम-ई गाळतात. मेमरीतलं एम-ई-एम ह्याच्या पोटात आहे, आर-ई, एम-ई-एम, बी-ई-आर, असे तीन तुकडे केले की सुटत नाही. मेमरी, मेमोरियल, मेमराइज, रिमेंबर ही सगळी एकाच लॅटिन मुळातून आली आहेत. मेंबर म्हणजे सभासद ह्याच्याशी ह्याचा काही संबंध नाही, ते वेगळ्या शब्दावरून आलंय, दिसायला सारखं एवढंच. नाम करताना बी नंतरचा ई जातो, रिमेंब्रन्स.

सरावासाठी चार वाक्यं देते, आधी स्वतः करून बघा मग उत्तर वाचा. गॅस बंद केल्याचं मला आठवत नाही. येताना दूध आणायचं लक्षात ठेव. ह्या वासाने आजीचं घर आठवतं. तिचं आडनाव आठवत नाहीये. पहिल्यात 'ल्याचं' आहे, म्हणून 'आय डोन्ट रिमेंबर टर्निंग ऑफ द गॅस', आणि असं म्हणालात तर उठून बघून या, कारण ह्या वाक्याने गॅस बंद आहे की चालू ते ठरत नाही. दुसऱ्यात 'आयचं', 'रिमेंबर टू ब्रिंग मिल्क ऑन युवर वे होम'. तिसऱ्यात आठवण वासाने आणली, 'धिस स्मेल रिमाइंड्स मी ऑफ माय ग्रँडमदर्स हाऊस'. चौथ्यात 'मला' आहे, लिहिलं नसलं तरी आहेच, म्हणून इंग नाही, 'आय कान्ट रिमेंबर हर सरनेम'.